उणे आलं की शून्य

"आकडा काय आला?"

नणंदेचा फोन रोज सकाळी पावणेनऊच्या ठोक्याला यायचा आणि त्यात 'कशी आहेस, काय चाललंय' असलं पाल्हाळ नसायचं. बावीस वर्षं शाळा चालवलेली बाई. हजेरी घ्यावी तसा ती भावजयीकडून आकडा घ्यायची.

"सत्तावीस," उजेडबाई म्हणाली.

"छान. असाच राहू दे."

जणू आकडा म्हणजे उजेडबाईने पाळलेला बोका होता आणि दार लोटून घेतलं की तो घरातच राहणार होता.

उजेडबाई हे नाव तिला विमानतळावरच्या लोकांनी ठेवलेलं. धावपट्टीच्या टोकाला, कुंपणाला लागून, चाकांवर उभी केलेली पत्र्याची एक खोली होती. त्या खोलीतून ती दिवसभर उजेड सोडायची. दोनशे पावलांवर एका खांबावर आरसा बसवलेला होता. इथला उजेड तिथवर जायचा, आरशावरून परत फिरायचा आणि येताना वाटेतल्या हवेची सगळी चुगली घेऊन यायचा. विमानाच्या धुरात घसा खवखवायला लावणारा एक वायू असतो. त्याला उजेडातले ठरावीक रंगच खायची खोड. परत आलेला उजेड यंत्रात पसरवून कुठले रंग फिके पडलेत ते बघायचं, की वायू किती होता ते समजतं. ताटात काय उरलंय त्यावरून कोण जेवून गेलं हे ओळखायचं, त्यातलाच हा प्रकार. पण एवढं ऐकून घ्यायला लोकांना वेळ कुठला! 'ती बाई दिवसाढवळ्या दिवा लावून बसते,' एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं.

तिचा नवराही काचांचाच माणूस, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. "आम्ही दोघंही न दिसणारं दाखवतो," तो पाहुण्यांना सांगायचा, "फरक एवढाच, माझ्याकडे येणाऱ्यांना बघायचं असतं."

हे त्याचं बोलणं विनोद म्हणून ठीक होतं. या खेपेला मात्र ते उजेडबाईच्या घशात अडकलं होतं. कारण कुंपणाच्या पलीकडे, धावपट्टीच्या अगदी नाकासमोर, नणंदेची शाळा होती. एकशे साठ मुलं, सात खोल्या, एक घसरगुंडी. सरकारी समितीने ठरवलं होतं की बारा आठवडे हवा मोजायची. सरासरी चाळीसच्या आत आली तर शाळा आहे तिथं राहील. वर गेली तर शाळा बंद होईल आणि मुलं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत वाटून दिली जातील. म्हणजे नणंदेची शाळा पाटीसकट संपणार.

सुरुवातीला कुणीतरी शंका काढलीही होती, की मोजणारी बाई नात्यातली आहे, चालेल का? तिच्या कचेरीतले साहेब हसले होते. "आकड्याला नातं नसतं," ते म्हणाले होते. साहेबांना अशी वाक्यं सुचायची आणि सुचली की ती ते दोनदा म्हणायचे.

बारा आठवडे काल संपले. सरासरी आली एकतीस. अहवाल छापून तयार होता, त्यावर उजेडबाईची सही होती, आणि आज दुपारी चारला तो समितीपुढे वाचायचा होता. सगळं सुरळीत होतं. त्यामुळेच उजेडबाईला सकाळपासून चैन नव्हतं. काळजी करायची तिला इतकी सवय, की काळजीला कारण नसलं की ती ते शोधत बसायची. निघताना तिने गॅस तीनदा बंद केला. पैकी दोनदा तो बंदच होता.

नऊ वाजता आरसेकाका सामान परत करायला आले. हे पूर्वी विमानांत बोजे चढवायचे. गुडघे गेल्यावर त्यांना समोरचा आरसा पुसण्याचं काम मिळालं होतं. सामान मोजून घेणं उजेडबाईचं काम, आणि ती ते देवघेवीच्या काटेकोरपणाने करायची.

"मऊ फडकी चार. आहेत. धूळ उडवायचा हवेचा फुगा एक. हातमोजे दोन जोड... काका, हा कापसाचा गठ्ठा अर्धा कसा झाला?"

"वापरला."

"आरशाला कापूस? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, कापसाने चरे पडतात म्हणून!"

"आरशाला कशाला लावीन? मला काय वेड लागलंय? कानाला लावला."

"कानाला?"

"सोमवारी पहाटे हो. तुम्ही मला पाचला बोलावता ना आरसा पुसायला. तिथं गोदामामागे ते मालवाहू उभं असतं, आणि त्याच्या शेपटीतलं पिल्लू इंजिन सारखं कोकलत असतं. मोठी इंजिनं बंद असली तरी ते चालूच. आतले दिवे-बिवे त्याच्यावरच चालतात. कानाचे पडदे फाटायची वेळ येते. म्हणून बोळे."

उजेडबाईच्या हातातली यादी तशीच राहिली.

"कधीपासून उभं असतं?"

"झाले की आठ-नऊ सोमवार. वेळापत्रक बदललं तेव्हापासून. पहाटे उतरतं, सहाला उडतं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत का?" काका दुखावले. "तुम्ही मला म्हणालात, काका, आरसा पुसा, आरशावर श्वास सोडू नका आणि उजेडाच्या आड येऊ नका. मी कुठं आलो आड? आता विमान आलं त्याला मी काय करू?"

यात काकांची चूक काढायला जागा नव्हती. उजेडबाईने यादीवर 'कापूस अर्धा' असं लिहिलं, काकांची सही घेतली, त्यांना चहाला पाठवलं आणि खोलीचं दार आतून लावलं. मग खुर्चीत बसली.

सोमवारी पहाटे पाचला ती शून्य घ्यायची.

उजेडाने हवा मोजायची म्हणजे आधी स्वच्छ हवेतून आलेला उजेड कसा असतो ते यंत्राला दाखवून ठेवावं लागतं. ते झालं कोरं पान. पुढे आठवडाभर जो उजेड येईल तो यंत्र या कोऱ्या पानाशी ताडून बघतं आणि फरक काय तो सांगतं. दिवाही आठवड्यागणिक म्हातारा होत जातो, म्हणून दर सोमवारी नवं पान. पहाटे पाचची वेळ अशासाठी, की रात्री इथं विमानं नसायची आणि पहिलं प्रवासी विमान साडेसहाला. तेवढी हवा कोरी, असं सगळेच धरून चालले होते. तिच्या पत्र्याच्या खोलीत यंत्र थंड ठेवणारा पंखा घरघरत असायचा, त्यामुळे बाहेरचं तिला काही ऐकू यायचं नाही. मालवाहू विमान गोदामाआड, म्हणून दिसायचंही नाही, आणि ते उडायच्या आत ती शून्य घेऊन घरी गेलेली असायची. आणि पहाटे वारा पडलेला. पिल्लू इंजिनाचा धूर उजेडाच्या वाटेवर गादी अंथरल्यासारखा बसत असणार.

म्हणजे कोरं पान कोरं नव्हतंच. त्यावर आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि नऊ आठवडे ती त्यालाच पांढरं म्हणत आली होती. जेवढी घाण पानावर होती, तेवढी रोजच्या आकड्यातून बिनबोभाट वजा होत होती.

"नसेलही," ती मोठ्याने म्हणाली.

खात्री करायला एक जागा होती, पण तिकडे जायला तिचं मन धजत नव्हतं. कचेरीत एक जुना नियम होता. उणे आलं की शून्य लिहायचं. हवेत वायू असतो किंवा नसतो, शून्याखाली असू शकत नाही. नोकरीला लागली तेव्हा तिला शिकवणारे म्हातारे मोजणीदार म्हणाले होते, "उणे म्हणजे यंत्राची शिंक. शिंकेची कुणी नोंद करतं का?" ते निवृत्त झाले, पण त्यांचा नियम राहिला. गेली एकोणीस वर्षं तिने इमानेइतबारे शिंका पुसल्या होत्या. पुसून वहीत शून्य लिहायचं आणि पुढे जायचं. हात इतका बसला होता की डोळ्याला उणे दिसायच्या आत बोट शून्यावर जायचं.

तिने यंत्राच्या पोटातले न पुसलेले आकडे काढले आणि मोजायला बसली.

पहिल्या तीन आठवड्यांत उणे आकडे दोन, तेही उणे एक. या खऱ्या शिंका. पुढच्या नऊ आठवड्यांत उणे आकडे त्रेपन्न. सगळे जोराच्या वाऱ्याच्या दिवशी, धूर उडून गेलेल्या वेळी. आणि सगळ्यांत खोल आकडा होता उणे सोळा.

कोऱ्यापेक्षा सोळाने कोरी हवा! त्रेपन्न वेळा यंत्र ओरडून सांगत होतं, बाई, तुझं पान मळकं आहे. आणि त्रेपन्न वेळा तिने त्याचं नाक पुसून दिलं होतं.

आता दुसरं कोडंही सुटलं. पहिल्या तीन आठवड्यांची सरासरी चव्वेचाळीस होती आणि नंतर ती एकदम सत्तावीसवर उतरली होती. साहेबांनी अहवालाच्या चौथ्या पानावर कारण दिलं होतं, वारा फिरला. छान वाटलं होतं वाचायला. तिने खाली सहीच केली होती.

त्या नऊ आठवड्यांत सोळा मिळवले तर सगळी सरासरी कुठे जाते ते तिने कागदावर मांडलं. त्रेचाळीस. एक-दोन इकडे तिकडे, पण चाळीसच्या आत यायला काही केल्या तयार नाही. तीनदा मांडलं. घरी गॅस तीनदा बंद करते तसं.

अकरा वाजले होते. तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, ताईंना काय सांगू मी?"

"ताईला मी आजवर काहीच सांगितलेलं नाही. ती सांगते, मी ऐकतो. झालं काय पण?"

तिने सांगितलं. पलीकडे घासयंत्राचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

"कुणाच्या लक्षात येईल असं आहे?"

"नाही."

"हं." त्याने हातातली काच खाली ठेवली. "गेल्या वर्षी एका म्हाताऱ्यांना माझ्या हातून चुकीच्या नंबरची काच गेली होती. ते म्हणत होते, छान दिसतंय, आता राहू दे. मला परत घ्यावी लागली. जिन्यावरून पडले असते ना."

"म्हणजे सांगू?"

"मी काचेचं बोललो," नवरा घाईघाईने म्हणाला. "ताईला माझं नाव सांगू नकोस."

मधल्या सुट्टीत ती शाळेत गेली. फाटकातून आत जाताना वरून एक विमान गेलं. अंगणातली मुलं बोलता बोलता थांबली, तोंडं उघडी ठेवून उभी राहिली आणि आवाज ओसरल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढे बोलू लागली. भांडणारी दोघं तर मुठी उगारून थांबली होती. उजेडबाईने हे पूर्वीही पाहिलं होतं, हसलीही होती. आज तिला हसू आलं नाही.

नणंद तिच्या खोलीत टेबलावर हजेरीचा कागद पुढे घेऊन बसली होती. नवी साडी, केस नीट बांधलेले. दुपारच्या बैठकीला शाळेच्या वतीने तीच जाणार होती.

"ये. चारला टाळ्या वाजवायच्यात, हात दुखत नाहीत ना? आणि तोंड का असं? दिवा गेला की काय तुझा?"

"ताई, आकडा चुकलाय."

नणंदेने पेन खाली ठेवलं. "कितीने?"

"बाराने."

"वर की खाली?"

"खरा आकडा वर आहे. त्रेचाळीस."

खिडकीतून मुलांचा गलका आत येत होता. नणंद उठली, खिडकी लावली आणि परत बसली.

"कुणाला माहितीये?"

"आरसेकाकांना पहाटेचं विमान माहितीये, त्याच्या आवाजाने ते कानात कापूस घालतात. आकडा फक्त मला. आणि आता तुम्हाला." नवऱ्याचं नाव तिने शिताफीने गाळलं.

"आणि एकाला अर्धवट. म्हणजे अडीच माणसं. त्यातल्या अर्ध्याच्या कानात कापूस."

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा मी करतेय? एकोणीस वर्षं दिवे लावून बसलीस आणि शेवटी हा उजेड पाडलास?" नणंदेचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी आले त्या दिवशी या शाळेत अकरा मुलं होती. त्यातली चार रडत होती आणि पाचवी मी. छप्पर गळत होतं. या मुलांचे आईबाप इथेच सामान उचलतात, झाडतात, पहाऱ्याला उभे राहतात. शाळा गावाच्या त्या टोकाला गेली की पोचवणार कोण? निम्मी घरी बसतील. हे तुझ्या यंत्रात येतं का मोजून?"

"नाही येत."

"मग?"

अडचणीत सापडली की उजेडबाई समोर जे दिसेल ते मोजायची. लहानपणापासूनची खोड. समोर हजेरीचा कागद होता. गैरहजर मुलांच्या नावापुढे कारणाचा रकाना, आणि रकान्यात खालपर्यंत एकच, 'घ. का.', 'घ. का.', 'घ. का.' म्हणजे घरगुती कारण. तिने उलट्या बाजूनेच मोजलं. एका पानावर एकतीस.

"एवढी घरगुती कारणं?" तिच्या तोंडून निघून गेलं. "घरी एवढं चाललंय तरी काय सगळ्यांच्या?"

नणंदेने कागदावर हात ठेवला. जरा जास्तच चटकन.

"ताई?"

"खोकला लिहिला की वरून पत्र येतं," नणंद टेबलाकडे बघत म्हणाली. "तपासणी येते. शाळेचं नाव खराब होतं. माझ्या आधीच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, की लहान पोरं खोकतातच, त्याची काय नोंद करायची. म्हणून 'घ. का.'"

"पहिल्यापासून?"

"पूर्वी आठवड्याला दोन-चार असायची."

आणखी एक विमान आलं. काचा थरथरल्या. दोघीही गप्प झाल्या, आणि आवाज ओसरल्यावर मुलांसारखं मागच्या शब्दापासून पुढे बोलणं काही त्यांना जमलं नाही. शेवटी घंटा झाली.

"जा तू," नणंद म्हणाली. "मला तास आहे."

सांग म्हणाली नाही. सांगू नकोस असंही म्हणाली नाही. उजेडबाईला वाटेत वाटलं, एवढी स्पष्टवक्ती बाई, नेमकं आजच कसं हिने मोघम राहावं!

बैठकीच्या खोलीत लांबट टेबल होतं आणि प्रत्येकापुढे अहवालाची प्रत. अध्यक्ष म्हणजे एक किरकोळ अंगाचे गृहस्थ. चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत होते. विमानतळाचे अधिकारी प्रसन्न दिसत होते. नणंद कोपऱ्यात बसली होती आणि तिच्या मांडीवर एक जाड पिशवी होती. उजेडबाईने हातरुमालाचा बोळा करून मुठीत धरला होता. त्यातून पाणी निघालं असतं.

साहेबांनी सुरुवात केली. एकतीस हा आकडा त्यांनी असा उच्चारला, की जणू तो त्यांच्याच घरी जन्माला आला होता. "आणि एक गोष्ट मी पहिल्यापासून म्हणत आलोय, आकड्याला नातं नसतं. आकड्याला..."

"साहेब," उजेडबाई उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "आकडा चुकलाय."

ती बोलली. कापसाचा अर्धा गठ्ठा, पिल्लू इंजिन, पहाटेचं पान, त्रेपन्न उणे. बोलताना तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. साहेबांनी चौथं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"अहो, इथे वारा फिरला म्हणून लिहिलंय!"

"वारा फिरला नव्हता, साहेब. आपलं शून्य हललं होतं."

"उणे आलं की शून्य लिहायचं, हा नियम कुणाचा?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना चष्मा सापडला होता.

उजेडबाईने साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते.

"कचेरीचा," ती म्हणाली. "पण हात माझा."

विमानतळाच्या अधिकाऱ्यांची प्रसन्नता मावळली होती. "म्हणजे बारा आठवड्यांचं काम कापसाच्या अर्ध्या गठ्ठ्यावरून मोडीत काढायचं? हा पुरावा झाला? शाळेला विचारा. शाळेची काही तक्रार आहे का? त्यांना तर इथेच राहायचंय!"

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. उजेडबाईने नाही पाहिलं. तिने डोळे मिटले आणि वाट बघितली. नणंदेने एक शब्द बोलायचा होता, 'नाही,' की बहुतेक सगळं एकतीसवर येऊन बसलं असतं.

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग टेबलावर काहीतरी जड ठेवल्याचा.

"ही वर्षभराची हजेरी," नणंद म्हणाली. "यात घरगुती कारण लिहिलंय ते खोकला म्हणून वाचा. सगळी नाहीत, पण बहुतेक. आकडे कमी-जास्त कधी झाले ते तुम्हीच बघा, मला मोजायला सांगू नका. मोजणाऱ्या बाई आहेत इथे."

आणि एवढं बोलून ती निघून गेली. भावजयीकडे बघितलंही नाही.

ठरलं ते असं. अहवाल परत घ्यायचा. आणखी चार आठवडे मोजायचं, मोजेल दुसऱ्या कचेरीतला माणूस. उजेडबाईने फक्त दिवा लावायचा आणि दिवा विझवायचा, आकड्याला हात लावायचा नाही, सही तर नाहीच. पहाटे पिल्लू इंजिन बंद ठेवावं असं विमानतळाला लेखी कळवायचं. शाळेने तोवर खिडक्या लावून घ्यायच्या. बाहेर आल्यावर साहेब तिला म्हणाले, "आधी माझ्या कानावर घालायचं होतंत." "घातलं असतं तर?" तिने विचारलं. साहेबांना त्यावर वाक्य सुचलं नाही.

पुढचे चार आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. नवा मोजणीदार अबोल आणि नीटनेटका होता. दर सोमवारी पहाटे तो आधी बाहेर जाऊन कान देऊन उभा राहायचा, मगच शून्य घ्यायचा. आणि उणे दोन आलं तर उणे दोनच लिहायचा. ते पाहून तिला आत कुठेतरी चिमटा बसायचा. आरसेकाका मात्र खूश होते. "बिनकापसाचं पाखरं ऐकू येतात," ते म्हणाले.

सकाळी पावणेनऊला मात्र तिचा जीव वरखाली व्हायचा. फोन समोर ठेवून ती बसायची. पावणेनऊ व्हायचे, नऊ व्हायचे. फोन काही वाजायचा नाही. नवऱ्याने दोनदा बहिणीकडे चक्कर मारली आणि दोन्ही वेळा "बरी आहे" एवढाच निरोप घेऊन आला.

"काही म्हणाल्या का माझ्याबद्दल?"

"म्हणाली, चष्म्याची दांडी सैल झालीय."

"ते तुमच्या कामाचं झालं. माझ्याबद्दल?"

"नाही ब्वा."

शेवटच्या शुक्रवारी नवा अहवाल समितीला गेला, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता तो कचेरीच्या दारावर लागला. म्हणजे आता तो कुणालाही सांगायला मोकळा होता. उजेडबाई पत्र्याच्या खोलीत आवरत बसली होती. दिवा काढून फडक्यात गुंडाळला होता. पंखा पहिल्यांदाच बंद होता, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. विमानं, त्यांच्यामधली शांतता, आणि त्या शांततेत कुंपणापलीकडची प्रार्थना. प्रार्थना मध्येच थांबली. वरून विमान गेलं. प्रार्थना पुढे सुरू झाली.

पावणेनऊला फोन वाजला.

"आकडा काय आला?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बेचाळीस."

पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी लांबून "बाई, बाई, हा बघा मला..." म्हणत होतं, त्याला "थांब रे जरा" म्हटल्याचा आवाज आला.

"ताई, मी..."

"तुझी ती यंत्रं खोक्यांतून आली होती ना? पुठ्ठ्याची, मोठी?"

"हो."

"टाकलीस की आहेत?"

"आहेत. सहा."

"सहाने काय होतंय," नणंद म्हणाली. "सात खोल्यांचं सामान आहे. नवऱ्याला सांग, दुकानातली मिळतील तेवढी आण. आणि तू सोमवारी सुट्टी काढ. मोजून भरायला माणूस लागेल मला."